पवनाकाठचा कोण?

मागच्या पावसाळ्यात आम्ही ऑफिसातले सात जण पवना धरणाच्या काठावर तंबूत राहिलो. शनिवारी दुपारी गेलो, रविवारी दुपारी परत. घरी आल्यावर मी चाळीस सेकंदांची रील केली. आधी तुंगचा सुळका, मग ढग, मग पाण्यावर पडणारा पाऊस, मग शेगडीवरचं पनीर. पनीरच्या शॉटमध्ये उजवीकडून एक हात येत होता. सळई फिरवणारा, मनगटाला लाल दोरा बांधलेला. फ्रेममध्ये गर्दी वाटत होती म्हणून मी क्रॉप केलं आणि हात गेला. रील चांगली चालली.

महिनाभराने गो. नी. दांडेकरांची 'पवनाकाठचा धोंडी' वाचताना तो हात मला आठवला, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. वीकेंडबद्दल आपण जे बनवतो आणि लिहितो (रील्स, कॅप्शन, ट्रेकच्या लांबलचक पोस्ट) त्याकडे एक लेखनप्रकार म्हणून बघितलं तर काय दिसतं, हे मला तपासायचं आहे. मी स्वतः हा प्रकार चार-पाच वर्षं मनापासून करतोय. त्यामुळे यातली टीका आधी माझ्यावरच आहे.

ठरलेला साचा

याला आपण 'कंटेंट' म्हणतो. पण ओवीला किंवा लावणीला असतो तसा याला पक्का साचा आहे. सुरुवात शुक्रवारी संध्याकाळी होते, लॅपटॉप मिटण्याच्या आवाजाने. खलनायक एकच, सोमवार. विशेषणं ठरलेली: 'स्वर्ग', 'हिडन जेम', 'गर्दीपासून दूर'. जागेची ओळख अंतराने करून द्यायची: 'पुण्यापासून फक्त दीड तास'. म्हणजे त्या गावाचं स्वतःचं ठिकाण काही नाही, ते आपल्यापासून किती लांब एवढंच. फ्रेममध्ये माणूस असलाच तर तो आपल्यातलाच, पाठमोरा, हात पसरलेला. आणि शेवट एक्स्प्रेसवेच्या ट्रॅफिकमध्ये: 'बॅक टू रिॲलिटी'.

या शेवटच्या तीन शब्दांवर मी बराच विचार केला. आपण आता वास्तवात परत आलो असू, तर काल जिथे होतो ते काय होतं? तिथे भात लावणाऱ्या बाया, तंबूंच्या खुंट्या ठोकणारी पोरं, मक्याची कणसं भाजणारी आजी हे सगळं वास्तवात मोडत नाही का? साच्याचं उत्तर आहे, नाही. या साच्यात गाव म्हणजे कामाच्या बाहेरची जागा. पण शनिवार-रविवार हेच तर त्या गावातल्या कितीतरी लोकांचे सर्वात जास्त कामाचे दिवस असतात. आपण काम विसरायला जिथे जातो, ते दुसऱ्याचं कामाचं ठिकाण असतं. साचा टिकवायचा तर हे दिसून चालत नाही, म्हणून क्रॉप.

इथे एक स्पष्ट करतो. वीकेंडची गरज मला खोटी वाटत नाही. सकाळी पावणेसातची कंपनीची बस, चाकणच्या तळेगाव चौकातला जॅम, दिवसभर दुसऱ्याच्या गाडीच्या कंट्रोलरमधले बग, रात्री सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचे मेसेज. इतकं झाल्यावर माणसाला डोंगर हवासा वाटला तर त्यात ढोंग काही नाही. छंदांचंही तसंच. आपले छंद बहुतेक वेळा खरेदीपासून सुरू होतात, आधी बूट, मग बॅग, मग ॲक्शन कॅमेरा, आणि बूट झिजायच्या आत पुढचा छंद येतो. त्याची टिंगल सोपी आहे. पण त्या बुटांनी मला खरोखर तिकोन्यावर नेलं, हेही खरं. माझा आक्षेप जाण्याला नाही, गेल्यावर आपण जे सांगतो त्याला आहे.

'चा' आणि 'ला'

गोनीदा (जन्म 1916, मृत्यू 1998) मूळचे विदर्भातले, पण ते राहिले तळेगाव दाभाड्याला. पुणे-लोणावळा लोकलने वीकेंडला निघालात तर तळेगाव वाटेतच लागतं. म्हणजे आपली घरं आणि आपला वीकेंड यांच्या मधोमध हा लेखक राहत होता. त्यांनी आयुष्यभर किल्ले पायी पालथे घातले. आज ट्रेकर मंडळी त्यांचं नाव आदराने घेतात, 'दुर्गभ्रमणगाथा' अनेकांच्या कपाटात असते. पण मला इथे त्यांच्या दोन कादंबऱ्यांबद्दल बोलायचं आहे: 1955 ची 'पवनाकाठचा धोंडी' आणि 1958 ची 'माचीवरला बुधा'. पहिलीवर 1966 मध्ये सिनेमा आला, दुसरीवर 2017 मध्ये. पहिली तुंग किल्ल्याच्या परिसरात घडते, दुसरी राजमाचीच्या. दोन्ही जागा आज आपल्या 'टॉप टेन मान्सून स्पॉट'च्या याद्यांमध्ये हमखास असतात.

आधी नुसती नावं बघा. पवनाकाठ-चा धोंडी. माचीवर-ला बुधा. दोन्ही नावांत जागा आणि माणूस एका प्रत्ययाने जोडलेले आहेत. जागा आधी येते, पण ती थांबते माणसावर. आता आपली शीर्षकं बघा: 'पवना लेक कॅम्पिंग', 'राजमाची फायरफ्लाय ट्रेक'. इथे जागा थांबते ती एका ॲक्टिव्हिटीवर, एका पॅकेजवर. 'चा' कुठेच नाही, कारण कुणी कुणाचंच नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर मी सोडून दिला असता. पण कादंबऱ्या वाचताना हाच फरक पानोपानी जाणवतो. धोंडीच्या घराण्याकडे तुंगच्या हवालदारकीचा मान आहे. ज्या राज्यासाठी किल्ला राखायचा ते राज्य केव्हाच गेलं, मान मात्र अंगावर उरला. त्यामुळे धोंडीसाठी तुंग हे बघायचं ठिकाण होऊच शकत नाही, ते त्याच्या खांद्यावरचं ओझं आणि त्याची ऐट दोन्ही आहे. आपण ज्या सुळक्याचा वाइड शॉट घेतो, तो या कादंबरीत घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा आहे. त्याच्यासमोर वागताना भान ठेवावं लागतं.

गोनीदा निसर्गाचं वर्णन कमी करतात असं मुळीच नाही, उलट भरभरून करतात. कधी कधी मला ते जास्तही वाटलं. पण त्यांचा पाऊस कुणावर तरी पडतो. आणि माणसं बोलतात ती तिथल्या बोलीत. पहिली काही पानं मी अडखळत वाचली, मग कान बसला. रीलमध्ये हे होऊच शकत नाही, कारण तिथे मूळ आवाज म्यूट करून वर ट्रेंडिंग गाणं टाकलेलं असतं. गावाचा आवाज जाणं ही त्या साच्याची पहिली पायरी आहे, हात जाणं नंतरची.

काठ कुठे गेला?

शीर्षकातला 'काठ' हा नदीचा काठ आहे. 1955 साली पवना लेक नव्हताच. धरण पूर्ण झालं 1972 च्या सुमारास. म्हणजे ज्या पाण्यावर आपण 'लेकसाइड' तंबू ठोकतो, त्या पाण्याखाली धोंडीसारख्यांची शेतं आणि घरं आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर वर येतं. तेव्हा त्याच्याही रील्स येतात: 'वर्षातून एकदाच दिसणारं रहस्यमय मंदिर'. त्यात रहस्य काही नाही. तिथे गाव होतं, लोक देवळात जात होते, मग धरण झालं. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धशतकानंतरही पूर्ण मिटलेला नाही.

हे पाणी कुठे जातं? आपल्याकडे. धरणातून ते नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर महापालिका ते उचलते, निगडीला शुद्ध होतं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. नोव्हेंबर 2019 पासून ते दिवसाआड येतं, हे तुम्हाला सोसायटीच्या ग्रुपमुळे माहीत असेलच. धरणातून थेट बंद जलवाहिनीने शहराला पाणी आणायची योजना निघाली, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. पाणी पाइपातून गेलं तर नदीकाठच्या गावांनी काय करायचं, हा त्यांचा प्रश्न होता. 9 ऑगस्ट 2011 ला, क्रांतिदिनी, एक्स्प्रेसवेवर बऊर गावाजवळ आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. योजना त्यानंतर बराच काळ स्थगित राहिली.

मी तेव्हा शाळेत होतो. बातमी आठवते, ती टीव्हीवरच्या पळत्या गर्दीची. पण गेल्या चार-पाच वर्षांत त्याच रस्त्याने किती वेळा गेलो, आणि पवनेबद्दल किती काय पोस्ट केलं, त्यात एकदाही ही गोष्ट आली नाही. मी लपवली असं नाही. त्या साच्यात ती बसतच नाही. 'पुण्यापासून फक्त दीड तास' म्हणताना रस्ता मोकळा लागतो.

त्याच नदीचा दुसरा काठही आपल्याकडे आहे. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधी मंदिराशेजारून वाहते ती पवनाच. थेरगावला केजुदेवी बंधाऱ्याजवळ पाण्यावर अनेकदा पांढरा फेस तरंगतो, तीही पवनाच. तिथे कुणी तंबू ठोकत नाही. शहरात पवना म्हणजे नाल्याचा वास आणि मावळात पवना म्हणजे स्वर्ग, अशी एकाच नदीची दोन खाती आपण उघडली आहेत, आणि त्यांचा ताळेबंद कधीच जुळवत नाही.

विचारायची गरज संपली

मधल्या काळात काय झालं? आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' हे पुस्तक ट्रेकरांच्या आधीच्या पिढीचं बायबल. अशी मार्गदर्शक पुस्तकं घेऊन निघालेल्या माणसाला वाट सांगितलेली असायची, पाणी कुठे मिळेल ते सांगितलेलं असायचं, पण शेवटी पायथ्याच्या गावात थांबून कुणाला तरी विचारावंच लागायचं. तिथला माणूस कादंबरीतल्यासारखा भरून आलेला नसेल, तो फक्त माहिती देणारा असेल. पण होता. त्याला नमस्कार करावा लागायचा, त्याच्या ओट्यावर टेकावं लागायचं.

आता आपण जीपीएक्स फाइल उतरवतो. ती फाइल मी उघडून बघितली आहे, धंद्याची सवय. आत एकाखाली एक बिंदू असतात: अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. बस. कुणाच्या बांधावरून वाट गेली, कुणाचा कुत्रा भुंकला, कुणी ताक दिलं, यासाठी रकानाच नाही. तंत्रज्ञान म्हणून ती उत्तम सोय आहे, धुक्यात तिने मला दोनदा वाचवलंय. पण तिने विचारायची गरज संपवली, आणि विचारायची गरज संपली की त्या गावात आपल्यासाठी माणूस उरत नाही.

याचा एक टोकाचा परिणाम आपण 15 जून 2025 च्या रविवारी पाहिला. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, चार जण गेले. पूल धोकादायक असल्याची सूचना होती आणि त्यावर तोबा गर्दी होती. नंतर चर्चा झाली ती प्रशासनाची चूक की पर्यटकांची बेशिस्त एवढीच. दोन्हींवर बोलायलाच हवं. पण मला वाटतं, त्याआधी एक गोष्ट झाली होती. गावासाठी ती पलीकडे जायची वाट होती आणि आपल्यासाठी तो व्ह्यू पॉइंट झाला होता. वाटेवरून माणूस जातो, व्ह्यू पॉइंटवर तो थांबतो. पूल जाण्यासाठी बांधलेला असतो.

11 जुलै 2025 ला लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठा लष्करी भूप्रदेशातल्या 12 किल्ल्यांपैकी एक म्हणून. गर्दी आता वाढणारच. त्यामुळे आपण काय सांगतो याला पूर्वीपेक्षा जास्त वजन आहे.

गोनीदांशी भांडण

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे रील वाईट, पुस्तक चांगलं. इतकं सोपं नाही. 'माचीवरला बुधा' वाचताना मला अस्वस्थ करणारी एक गोष्ट सापडली. बुधा मुंबईतलं आयुष्य मागे टाकून राजमाचीच्या परिसरात आपल्या मुळाकडे परततो आणि झाडं, जनावरं, वारा यांच्या सोबतीत राहतो. शहर म्हणजे घुसमट, डोंगर म्हणजे सुटका. हे समीकरण ओळखीचं वाटलं ना? आपल्या रीलचा साचा हाच आहे. 'बॅक टू रिॲलिटी'चा पणजोबा बुधाच आहे. फरक एवढाच की बुधा कायमचा गेला आणि आपण रविवारी दुपारी परततो. शिवाय तो स्वतःच्या जागी गेला, आपण दुसऱ्याच्या.

गोनीदांच्या डोंगरावर माणूस आहे, पण तो डोंगराशी इतका एकरूप आहे की त्याने खाली उतरून कारखान्यात जावं ही कल्पनाच त्या जगात बोचते. उतरणं म्हणजे बिघडणं. 1958 साली हे लिहिणं मी समजू शकतो. पण आज मावळातली आणि खेडमधली पोरं मोठ्या संख्येने उतरली आहेत. निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडीच्या शेडमध्ये ती काम करतात. ती बिघडलेली नाहीत आणि मुळाकडे परतायच्या खटाटोपातही नाहीत. त्यांच्याबद्दल ना कादंबरी बोलते, ना रील.

त्यांच्यापैकी एक जण मला भेटला होता. तोच, हातवाला. रात्री पाऊस वाढला, आमच्या तंबूत पाणी आलं, म्हणून मी स्वयंपाकाच्या शेडमध्ये जाऊन बसलो. संध्याकाळपासून तो मला 'सर' म्हणत होता आणि मी त्याला 'दादा', जरी तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. माझ्या बॅगेला लटकलेला बसचा पास त्याने बघितला.

"सर, तुम्ही चाकणला का?"

"हो. तू?"

"मी पण तिकडंच. व्हेंडरकडं, प्रेसवर. कंत्राटी."

"मग आज इथे कसा?"

"नाईट करून सकाळी आलो. चुलत्याचाय हा कॅम्प. आमची सुट्टी गुरुवारची, अन् गुरुवारी तंबूत कोण येणार, दादा?"

मी 'सर'चा 'दादा' कधी झालो ते कळलं नाही. पण गुरुवार कळला. आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे मला माहीत होतं. गुरुवारी रस्ता मोकळा मिळतो म्हणून आम्ही खूश असतो. पण 'वीकेंड' हा शब्द सगळ्यांचा नाही, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. एकाच बसथांब्यावर उतरणाऱ्या दोन माणसांची कॅलेंडरं वेगळी असतात. माझ्या शनिवारच्या आरामासाठी तो शुक्रवारची रात्रपाळी करून सरळ इथे आला होता. काळोखात पाण्याकडे बोट करून तो म्हणाला, "आज्याचं खाचर तिकडं होतं." मग उठून आमच्या तंबूभोवती चर खणायला गेला.

हे सगळं माहीत असताना मी रविवारी रात्री तो हात कापला. साचा किती घट्ट असतो तो असा.

तर काय करायचं

पुस्तक वाचून झाल्यावर मला वाटलं, आपण भरपाई करावी. या मे महिन्यात पुन्हा गेलो, पाणी ओसरलं होतं. तो होता. मी त्याला रीलची हकीकत सांगितली आणि म्हटलं, या वेळी तुला घेऊन करतो, तुझं गाव, तुझी गोष्ट, सगळं. मला वाटलं तो खूश होईल.

तो हसला. म्हणाला, "नका घेऊ, दादा. सुपरवायझर बघतो रीली. मी आज आजारी आहे म्हणून कळवलंय."

तेव्हा मला या लेखाचा अर्धा भाग बदलावा लागला. माणसाला फ्रेममध्ये आणलं की न्याय झाला, असं मी धरून चाललो होतो. पण कॅमेऱ्यासमोर आणण्यात जोखीम त्याची होती आणि समाधान माझं. त्याच्या गोष्टीला जागा हवी, पण तिला आडोसाही हवा. रीलकडे तो आडोसा नाही. तिला चेहरा लागतो, टॅग लागतो, लोकेशन लागतं. कथा-कादंबरीकडे तो पहिल्यापासून आहे. नाव बदलायचं, कंपनी बदलायची, पाळी बदलायची आणि माणूस मात्र तसाच पूर्ण ठेवायचा, ही तिची जुनी सोय. वर त्याच्याबद्दल जे लिहिलंय, त्यात मीही तेच केलंय. दोरा लाल नव्हता.

म्हणून मला वाटतं, आपल्या पट्ट्याची खरी वीकेंडची कादंबरी अजून लिहायची राहिली आहे. तिच्यात तळेगाव चौकातला जॅम असेल, जीपीएक्स असेल, दिवसाआडचं पाणी असेल, तंबूही असतील. तिच्यात कुणी डोंगरावर पळून जाणार नाही, सगळे जण वर-खाली करत राहतील, कुणी शनिवारी, कुणी गुरुवारी. ती कदाचित माझ्यासारखा कुणी लिहिणार नाही, प्रेसवरून सुटलेला कुणी लिहील. तिच्या नावात एक 'चा' नक्की असेल.

तोपर्यंत निदान आपल्या कॅप्शनमधून 'बॅक टू रिॲलिटी' तरी काढू या. मी माझ्या जुन्या पोस्ट शोधल्या. अकरा वेळा लिहिलं होतं.